गुडघ्याचे गाऱ्हाणे

मनुष्याच्या शरीरातील काही अवयव मोठे भाग्यवान आहेत. डोळ्यांवर कवींनी काव्ये रचली, हातांना कर्तृत्वाची खूण मानले, आणि पायांवर तर आपण मस्तक ठेवतो. गुडघ्याच्या वाट्याला मात्र अशी प्रतिष्ठा कधी आली नाही. एखाद्याला समज कमी आहे असे सांगायचे असले, की त्याचा मेंदू गुडघ्यात आहे असे आपण म्हणतो. आणि एखादा लग्नाला उतावीळ झाला, तर त्याने गुडघ्याला बाशिंग बांधले म्हणून हसतो. तीस-पस्तीस वर्षे मी या वाक्प्रचारांचे अर्थ फळ्यावर लिहीत आलो. परंतु ज्याच्या जिवावर मी फळ्यापाशी उभा असे, त्या गुडघ्याकडे मी स्वतः कधी निरखून पाहिले नव्हते. शेवटी त्यानेच एके दिवशी मला आपल्याकडे पाहायला लावले.

आमचे घर खडकवासल्यास, धरणाच्या भिंतीपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. परंतु माझ्या लहानपणी पुणे हे आम्हांला लांबचे शहर वाटे, आणि तेथे पोचण्याचे सर्वांत भरवशाचे वाहन म्हणजे सायकल. पुण्याला त्या काळी सायकलींचे शहर असेच म्हणत. सकाळच्या वेळी कारखान्यांना, कचेऱ्यांना आणि महाविद्यालयांना निघालेल्या सायकलींची रांग पाहिली, म्हणजे मुठेला समांतर दुसरी नदीच वाहते आहे असा भास होई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा लागे, आणि मागे मित्राला बसवले तर चौकातल्या पोलिसाचा धाक असे. आता ती नदी आटली आहे. तरीही आमच्या गावाशेजारच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्र सायकलींवरूनच वर्गाला जातात. त्यांची शिस्तबद्ध रांग पाहिली, की मला आमचे ते दिवस आठवतात.

मी सायकलीवर बसलो तो असा लहानपणीच. पुढे नोकरीची पहिली काही वर्षे मी याच परिसरातील एका शाळेत काढली आणि नंतर शहराच्या बाजूच्या शाळेत गेलो. घरापासून ती शाळा अकरा किलोमीटर होती. किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी फाटा, वडगाव असे टप्पे घेत मी जाई आणि त्याच वाटेने परत येई. निवृत्त झाल्यावर एका दुपारी सहज हिशेब मांडला. रोजचे बावीस किलोमीटर, वर्षाचे सुमारे दोनशे वीस दिवस, आणि अशी तीस वर्षे. म्हणजे जवळजवळ १,४५,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे; तेव्हा बसल्या जागी मी तिला साडेतीन प्रदक्षिणा घातल्या होत्या! माझ्या जुन्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते होते आणि मागच्याला १८. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाई. उतारावर पाय स्वस्थ राहतात, ती सूट दिली तरी माझे प्रत्येक गुडघे दोन कोटींहून अधिक वेळा वाकले आणि सरळ झाले होते. एवढी चाकरी करूनही त्यांनी कधी रजा मागितली नव्हती. या हिशेबाने मला अभिमान वाटला. आणि अभिमान वाटला, म्हणजे माणसाचे ऐकू येणे कमी होते.

निवृत्तीनंतर चिरंजीवांनी मला एकवीस गिअरांची नवी सायकल आणून दिली. मग काय विचारता! सकाळी उठावे, धरणाच्या कडेने डोणजे गाठावे, आणि सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन यावे, असा क्रम मी सुरू केला. पहिल्याच महिन्यात त्यावर समाधान वाटेना. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. पायथ्यापासून गडावर जाणारा घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरांचा आणि चांगलाच उभा आहे. शहरातील तरुण मुले रविवारी तो सायकलीने चढतात. आपणही तो चढून जावा, अशी ईर्षा मला वाटू लागली. गिअर एकवीस असले तरी मी वापरी तो एकच, सर्वांत जड. हलका गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, अशी माझी समजूत होती. आणि सीट? ती दुकानातून जशी आली होती तशीच, खाली होती. थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकले, म्हणजे मला बरे वाटे.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याने पहिले गाऱ्हाणे मांडले. जिना चढताना काही होत नसे. उतरताना मात्र वाटीच्या मागे कोणीतरी खडा ठेवल्यासारखे वाटे. मी दुर्लक्ष केले. मग बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर उठताना कळ येऊ लागली. मी तेल चोळले, गरम पाण्याने शेकले, आणि सायकल तशीच चालू ठेवली. घरात कोणाला सांगितले नाही. सौभाग्यवतींच्या लक्षात आले ते माझ्या पावलांच्या आवाजावरून. त्या म्हणाल्या, “अहो, जिन्यावर एक पाऊल जड वाजते आहे. पाय दुखतो का?” मी म्हणालो, “छे! चप्पल सैल झाली आहे.” शाळेत ज्या खोटेपणाबद्दल मी मुलांना उभे केले असते, तो खोटेपणा मी साठी उलटल्यावर घरातल्या घरात केला.

अखेर एका रविवारी मी घाट चढू लागलो. निम्मे अंतर कसेबसे गेलो असेन. एका वळणावर पायडल दाबले आणि गुडघ्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी उतरलो. बाजूने मुले भराभर वर जात होती. एकाने आदराने विचारले, “आजोबा, काही मदत हवी का?” मी मान हलवून नको म्हटले आणि सायकल हाताने धरून घाट उतरू लागलो. खाली खडकवासल्याचे पाणी चकाकत होते. ते पाहताना मला वडीलधाऱ्यांकडून शेकडो वेळा ऐकलेली एक हकीकत आठवली.

आमच्या धरणाच्या वरच्या अंगाला पानशेतचे मातीचे धरण आहे. १९६१ सालच्या पावसाळ्यात त्याचे काम पुरते झालेले नसतानाच त्यात पाणी भरले. धरण खचू लागले, तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली. परंतु १२ जुलैच्या सकाळी ते फुटले. त्या लोंढ्याने आमचे खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले, आणि पुण्यात हाहाकार उडाला. मी त्या वेळी दोन-अडीच वर्षांचा होतो. मला त्यातले काही आठवत नाही. परंतु आमच्या गावात मोठी झालेली माणसे एक गोष्ट पक्की जाणतात. धरण एका क्षणात फुटलेले दिसते, परंतु ते एका क्षणात फुटत नाही. आधी कोठेतरी माती खचते, कोठेतरी पाणी झिरपते. ते झिरपणे म्हणजे धरणाने मारलेली हाक असते. माझा गुडघाही गेले दोन महिने हाका मारीत होता, आणि मी तेलाची पोती रचीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या. “काका, सायकल बंद करायची,” हे शब्द ऐकण्याची मी मनाची तयारी केली होती. खरे सांगायचे, तर आजवर कोणत्याही परीक्षेच्या निकालाला मी एवढा भ्यालो नव्हतो. सायकल गेली, म्हणजे सकाळ गेली, धरणाचा वारा गेला, आणि आपल्या पायांवर कोठेही जाता येते हा विश्वासही गेला. त्यांनी क्ष-किरणांचे चित्र पाहिले, गुडघा वाकवून पाहिला, आणि मग हसून म्हणाल्या, “काका, झीज आहे ती वयाच्या मानाने थोडीच आहे. सायकल हा गुडघ्याचा शत्रू नाही. चालताना शरीराचा भार गुडघ्यावर येतो, तो सायकलीवर सीट उचलते. म्हणून आम्हीच कित्येकांना सायकल चालवायला सांगतो. तुमचे चुकले ते निराळेच.”

मग त्यांनी कागदावर आकृती काढून मला समजावून सांगितले. विद्यार्थी होऊन असे समजून घेण्यात किती सुख असते, ते मी विसरूनच गेलो होतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीवरून वरखाली सरकते. गुडघा जितका जास्त दुमडलेला असेल आणि त्या स्थितीत आपण जितका जोर करू, तितकी ती वाटी खोबणीवर दाबली जाते. सीट खाली असली, की पायडल वर आल्यावर गुडघा फार दुमडतो. त्यात गिअर जड असला, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दाब वाढतो. विहिरीतून तेवढेच पाणी काढायचे असेल, तर मोठा हंडा एका दमात ओढण्यापेक्षा लहान पोहरा अनेकदा ओढणे पाठीला सोसते; तसाच हलका गिअर लावून पाय भरभर फिरवणे गुडघ्याला सोसते. शिवाय मी एका महिन्यात अंतर दुप्पट केले होते. दोन कोटी फेरे केलेल्या गुडघ्यालाही नव्या कामाची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा अंक मोजण्याचा व्यायाम सांगितला, आणि बजावले, “गुडघा सुजला किंवा मध्येच अडकून बसला, तर मात्र वाट पाहू नका. तडक इकडे या.”

मी उठता उठता सहज म्हणालो, “म्हातारपणाची दुखणी ही. लहान मुलांचे बरे असते. त्यांचे गुडघे दुखत नाहीत.”

त्यावर त्या म्हणाल्या, “दुखतात की! दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे तर पुष्कळदा दुखतात. हाड भराभर वाढत असते आणि मांडीचा स्नायू वाटीच्या खाली जेथे हाडाला धरलेला असतो, तेथे ओढ बसते. पळणारी, उड्या मारणारी मुले असली, की तेथे टेंगूळ येते, सूज येते. मोठी माणसे म्हणतात, ढोंग करतो.”

मी पुन्हा खुर्चीवर बसलो.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. माझ्या वर्गात धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातून येणारा मुलगा होता. रोज आठ-दहा किलोमीटर तो वडिलांच्या उंच सायकलीवरून येई. सीटवर बसले, तर त्याचे पाय पायडलांना पुरत नसत. म्हणून मधल्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून तो ती चालवी. एकदा कवायतीच्या तासाला तो रांगेतून बाहेर येऊन म्हणाला, “सर, गुडघा दुखतो. आज बसू का?” त्याने चड्डीखालचा गुडघा पुढे करून दाखवला. मी पाहिलेसुद्धा नाही. सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो, “तुझ्या वयात गुडघे दुखत नसतात. काम चुकवायला निमित्ते लागतात.” मुले हसली. तो रांगेत परत गेला आणि शेवटपर्यंत कवायत करीत राहिला. त्यानंतर वर्षभर त्याने पुन्हा कधी तक्रार केली नाही. त्याला शिस्त लागली, असे मी समजलो.

आज मला कळते, की त्याला शिस्त लागली नव्हती. दुखते असे सांगून उपयोग नाही, एवढेच तो माझ्याकडून शिकला होता. तो मुलगा आता पन्नाशीच्या घरात असेल. कोठे असतो, ते मला ठाऊक नाही. त्याचा गुडघा पुढे बरा झाला असेल, असे मी स्वतःला सांगतो. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, की वाढ पुरी झाली म्हणजे ते दुखणे बहुधा आपोआप जाते. परंतु गुडघ्याचे दुखणे गेले, म्हणून वर्गापुढे झालेले हसे गेले असेल, असे मानण्याचा मला अधिकार नाही. माझा मेंदू त्या दिवशी खरोखरच गुडघ्यात असता, तर फार बरे झाले असते!

तीन आठवडे संपल्यावर मी सायकल घेऊन नांदेड फाट्याजवळच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ सगळ्यांचे मामा. त्यांनी मला सायकलीवर बसायला लावले, हाताने भिंत धरायला सांगितली, आणि माझ्या पायाकडे क्षणभर पाहून म्हणाले, “गुरुजी, सीट लई खाली हाय की! गुडघं बिचारं बोंबलंल न्हाईतर काय करंल?” मग त्यांनी रीत दाखवली. पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारले, की गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेवढाच हवा. पुढून दुखले, तर सीट बहुधा खाली असते. मागून दुखले, तर बहुधा वर. माझी सीट दोन इंच खाली होती. “पर एकदम दोन इंच न्हाई उचलायची,” मामा म्हणाले, “अर्धा-अर्धा इंच. अंगाला कळू द्यावं.”

घरी येऊन मी पुस्तके चाळली, तेव्हा मामांची रीत शास्त्राला धरूनच आहे असे आढळले. १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस या इंग्रज संशोधकांनी असे मांडले, की जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची जी लांबी असेल, तिच्या १०९ टक्के अंतर सीट आणि खालचे पायडल यांच्यात असावे. माझ्या पायाची लांबी ७८ सेंटीमीटर. म्हणजे अंतर ८५ सेंटीमीटर हवे. मी टेप लावून मोजले. मामांनी टेप न लावता साधलेले अंतर त्याहून अर्धा सेंटीमीटरच कमी होते!

वाचता वाचता आणखी एक मजेची गोष्ट कळली. दोन सारख्या चाकांची आणि साखळीची आजच्यासारखी सायकल जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडात तयार केली. त्यापूर्वीच्या सायकलींचे पुढले चाक प्रचंड असे, आणि पायडले त्या चाकालाच जोडलेली असत. म्हणून विकत घेणाऱ्याच्या पायाची लांबी पाहूनच चाकाचा आकार ठरवावा लागे. त्या वेळी माणसाच्या मापाने सायकल निवडत. पुढे सायकल सोपी झाली, स्वस्त झाली, सगळ्यांना मिळू लागली; आणि माणसाचे माप घेण्याचे मात्र आपण विसरलो. वडिलांची सायकल मुलाला, थोरल्याची धाकट्याला. शाळेतही मी हेच केले नव्हते काय? एकच रांग, एकच कवायत, आणि एकच माप; ज्याला ते बसत नाही, तो कामचुकार.

आता मी पुन्हा सायकल चालवतो. पहिल्या आठवड्यात धरणाच्या चौपाटीपर्यंत, मग डोणज्यापर्यंत, असा हळूहळू पल्ला वाढवला. चढ आला, की निःसंकोचपणे हलका गिअर लावतो. घाट मी अजून पुरा चढलेलो नाही. कदाचित चढेनही, परंतु आता मी आधी गुडघ्याला विचारतो, आणि तो नको म्हणाला, तर वळून घरी येतो. माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी एक पाना असतो.

त्या पान्याचा उपयोग गेल्या पावसाळ्यात झाला. सकाळची वेळ होती. धरणाच्या रस्त्याला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा शाळेचे दप्तर पाठीला लावून सायकल चालवीत होता. सायकल लहानपणी घेतलेली असावी. सीट इतकी खाली होती, की प्रत्येक फेऱ्याला त्याचे गुडघे हँडलला लागत होते. मी हात करून त्याला थांबवले. तो जरा घाबरला.

“गुडघा दुखतो का रे?” मी विचारले.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग हळूच उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “हो. पण तुम्हांला कसं कळलं, आजोबा?”

उत्तर द्यायचे, तर मला चाळीस वर्षे मागे जावे लागले असते. आणि त्याला शाळेची वेळ गाठायची होती. मी खाली वाकलो, पिशवीतून पाना काढला, आणि सीटचा नट ढिला करता करता म्हणालो, “कुठे दुखतो? दाखव पाहू.”